काचेपलीकडून ओरडणारी माणसं : बँकेच्या काउंटरवरचे पहिले सहा महिने

२०२५च्या जानेवारीत नोकरीत कायम झाल्याचं पत्र मिळालं आणि राष्ट्रीयीकृत बँकेतलं माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं. क्लार्कची परीक्षा कशी काढायची यावर मराठीत ढिगानं लिहिलेलं आहे. गणिताच्या युक्त्या, इंग्रजीचे शब्द, कटऑफचे अंदाज, सगळं मिळतं. पण रुजू झाल्यावर, दारापर्यंत रांग लागलेली असताना कोणी काचेवर हात आपटून ‘तुझ्या बापाची बँक आहे का?’ असं विचारलं तर त्या क्षणी काय करायचं, हे मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. दरवर्षी निवडीची नवी यादी लागते आणि अनेक मुलंमुली अनोळखी गावात काउंटरवर बसतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी तारखा आणि खर्च. २०२३च्या जुलैत अर्ज भरला, फी ८५० रुपये. पूर्वपरीक्षा, मग ऑक्टोबरमध्ये मुख्य परीक्षा, आणि त्यानंतर १ एप्रिल २०२४पर्यंत नुसती वाट. यादीत नाव आल्यावर कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी यात आणखी वेळ गेला. जूनच्या अखेरीस मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रुजू झाले. माझं घर सातारा जिल्ह्यात. इथं ओळखीचं कोणीच नव्हतं. खोलीचं भाडं ३,५०० रुपये, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट, डबा २,६०० रुपये. क्लार्कचं सुरुवातीचं मूळ वेतन सध्या २४,०५० रुपये आहे, त्यावर महागाई भत्ता वगैरे. पण पहिला पूर्ण पगार हातात पडेपर्यंत जुलै संपतो. निदान पंचवीस हजार रुपये जवळ ठेवूनच निघा, म्हणजे नव्या गावात उधारीची वेळ येत नाही.

ट्रेनिंगमध्ये संगणक प्रणाली शिकवली, खोट्या नोटा ओळखायला शिकवलं, केवायसीचे नियम सांगितले. ग्राहकांशी कसं वागावं यावरही एक तास होता. हसतमुख राहा, ग्राहकाचं ऐकून घ्या, आभार माना, असं त्यात सांगितलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. संतापलेल्या माणसासमोर आपण हसलो तर त्याला वाटतं आपण त्याला हसतोय. हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं. पासबुक प्रिंटर अडकला होता, रांग थांबली होती. एक गृहस्थ म्हणाले, “पगार कशाचा घेता?” मी शिकवल्याप्रमाणे हसून ‘सॉरी सर’ म्हटलं. ते आणखी भडकले.

त्या दिवशी सगळे गेल्यावर आमच्या हेड कॅशियर काकांनी मला शेजारी बसवलं. बत्तीस वर्षं कॅशमध्ये काढलेला माणूस. ते म्हणाले, “हातात नोटा असताना कुणालाच उत्तर द्यायचं नाही. त्याला जगबुडी आली म्हणू दे. आधी मोजायचं, खाली ठेवायचं, मग मान वर करायची.” यामागे कारण आहे. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर कमी पडलेली रक्कम कॅशियरच्या खिशातून जाते. ओरडणाऱ्याला उत्तर देता देता पाचशेच्या दोन नोटा जास्त गेल्या तर त्या परत येत नाहीत. पण या सवयीचा दुसराही फायदा झाला. नोटा मोजून होईपर्यंत समोरच्याचा पहिला जोर ओसरायचा आणि माझ्या तोंडून घाईनं काही निघायचं नाही.

जुलै तसा बरा गेला. तेव्हा ५० हजारांच्या वर रोख भरताना पॅन लागायचा, ते ऐकून एक व्यापारी रोज चिडायचे, आणि रोज पॅन घरी विसरायचे. आठवडी बाजारात दहाचं नाणं घेत नाहीत म्हणून भाजीवाल्या मावश्या पिशवीभर नाणी माझ्यासमोर ओतायच्या. ही भांडणं छोटी असतात, पाच मिनिटांत संपतात.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. लाडकी बहीण योजनेची घोषणा जूनच्या अखेरीस अर्थसंकल्पात झाली होती आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले होते. महिना १,५०० रुपये. १४ ऑगस्टपासून जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यांवर जमा व्हायला लागले. १९ला राखीपौर्णिमा होती. १५ची सुट्टी संपवून शाखा उघडली तेव्हा पायऱ्यांवर बायका सकाळी सातपासून बसलेल्या होत्या. काहींनी चपला रांगेत ठेवून नंबर धरला होता. शेजारणीच्या मोबाइलवर मेसेज आला, आपल्या नाही, म्हणजे बँकेनं पैसे दाबले, असा सरळ हिशेब होता.

झालं होतं ते असं. हे पैसे खाते क्रमांकावर जात नव्हते, आधारवर जात होते. राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदीत आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला असेल, त्या बँकेत रक्कम पडते. फॉर्मवर आमच्या शाखेचा खाते क्रमांक लिहिलेला असला तरी. कुणी बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलेलं, कुणी गावात आलेल्या माणसाच्या मशीनवर अंगठा देऊन कधीतरी उघडलेलं आणि विसरून गेलेलं. पैसे आले होते, पण दुसरीकडे. आणि ते दुसरीकडे कुठं हे बघायला आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकावा लागतो. तो ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जाणार, आणि मुलगा पुण्यात कंपनीत ड्युटीवर. मुलगा फोन उचलत नाही, मागची बाई ढकलतेय, कडेवरचं लेकरू रडतंय. अशा वेळी कोणी ‘ताई, कृपया’ म्हणून सुरुवात करावी ही अपेक्षा मला चुकीची वाटते.

“सरकारनं टाकले, तुम्ही खाल्ले!” हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. डबा उघडायला चार वाजायचे, कधी तसाच परत जायचा. खोलीवर आले की दिवसभराची भांडणं डोक्यात पुन्हा सुरू व्हायची आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना उत्तरं देत बसायचे. एक रात्र तर मी राजीनाम्याचा मजकूरही मनात जुळवला होता.

आईला फोन केला. आई अंगणवाडी सेविका आहे. जुलैभर तिनं याच योजनेचे अर्ज भरले होते, एका अर्जामागे ५० रुपये भत्ता जाहीर झाला होता. तिच्याकडेही बायका भांडायला यायच्या, उत्पन्नाच्या दाखल्यावरून, फोटोवरून, पोर्टल चालत नाही म्हणून. ती म्हणाली, “बाई भांडत आली की मी आधी तिचा कागद हातात घेते. कागद आपल्या हातात आला की ती थोडी थांबते. मग तोच कागद बघत बोलायचं, तिच्या तोंडाकडं बघत नाही बोलायचं.”

दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. बोलणं सुरू होण्याआधी काचेखालून हात पुढे करायचा आणि पासबुक घ्यायचं. पासबुकावरचं नाव वाचून हाक मारायची. “सुमनबाई, बघू या आपण.” नावानं हाक मारल्यावर माणूस निम्म्या आवाजावर येतो, हे मी शंभरदा पाहिलं असेल. आणि मग पैसे आलेत की नाहीत, आले असतील तर कुठं, आणि आता कुठं जायचं, एवढंच सांगायचं. ‘आमच्याकडे नाही’ एवढ्यावर थांबलं की भांडण होतं, कारण तिला पुढचा रस्ता दिसत नाही.

मॅनेजर साहेबांना विचारून एक चिठ्ठी तयार केली. मोठ्या अक्षरात मराठीत: तुमचे पैसे अमुक बँकेत जमा झाले आहेत, आधार कार्ड आणि तिथलं पासबुक घेऊन त्या बँकेत जा, पुढचे हप्ते इथं हवे असतील तर हा संमतीचा फॉर्म भरून द्या. बँकेचं नाव हातानं लिहायची जागा मोकळी. झेरॉक्सचा खर्च शाखेनं केला. शिवाय रोज सकाळी दहाच्या आधी आमचे शिपाई मामा पायरीवर उभे राहून मोठ्यानं सांगायचे की ज्यांना मेसेज आला नाही त्यांनी आधार जोडलेला मोबाइल सोबत आणा, नाहीतर नंबर लागूनही काम होणार नाही. निम्म्या बायका तिथूनच फोन आणायला परत जायच्या. थोडं कुरकुरायच्या, पण तीन तास उभं राहून परत जाण्यापेक्षा ते बरंच. रांगेतली भांडणं या दोन गोष्टींनी जेवढी कमी झाली तेवढी माझ्या गोड बोलण्यानं कधीच झाली नसती.

काही खात्यांत आणखी एक प्रश्न निघाला. किमान शिल्लक नसल्यामुळे लागलेला जुना दंड तीन हजारांतून वळता झाला. त्या बायका संतापल्या आणि त्यांचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. इथं मी ‘नियम आहे’ म्हणून हात झटकले नाहीत. अर्ज लिहून घेतले, मॅनेजरकडे दिले, दंड परत जमा करण्याची विनंती पुढे पाठवली. त्यासोबत साधं बचत खातं जनधन प्रकारात कसं बदलता येतं तेही सांगितलं, कारण त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. राग रास्त असेल तर आपला नम्रपणा अर्ज पुढे पाठवण्यात दिसला पाहिजे. नुसतं ‘शांत व्हा’ म्हणणं हा त्या माणसाचा दुसरा अपमान आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड भागात अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात गेलं. त्यानंतर शेतकरी येऊ लागले. पीक कर्ज थकलेलं म्हणून खात्याला होल्ड, म्हणजे पैसे काढायची बंदी, लागलेला, आणि त्याच खात्यात दुसऱ्या कशाचे तरी पैसे अडकलेले. एक आजोबा माझ्यावर इतके ओरडले की गार्ड उठून आला. मी गार्डला हातानंच थांबवलं. होल्ड काढायचा अधिकार क्लार्ककडे नसतो, तो कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर. पण ‘तिकडं जा’ म्हणून बोट दाखवलं की त्या माणसाला दुसरी रांग, दुसरा अनोळखी चेहरा. मी काउंटर दोन मिनिटं बंद केला, त्यांच्यासोबत त्या टेबलापर्यंत गेले आणि साहेबांना त्यांच्यासमोर सांगितलं की यांचं हे एवढं काम आहे. माझ्या रांगेतल्यांनी तोपर्यंत आरडाओरडा केलाच. तरी मी असं जमेल तेव्हा करते.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं त्याकडे येते. ९ सप्टेंबर, सोमवार. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसणार होत्या, गावात खरेदीची गर्दी. चाळिशीचे एक गृहस्थ आईचं पासबुक घेऊन आले. विड्रॉल स्लिपवर अंगठा आधीच उठवलेला, रक्कम मोठी. आई आजारी आहे, घरी आहे, म्हणाले. विड्रॉल स्लिपवर पैसे खातेदारालाच मिळतात, मुलाला नाही. पण आजारी खातेदारासाठी रस्ता आहे आणि तो प्रत्येक नव्या क्लार्कला पाठ असला पाहिजे. बँकेचा अधिकारी घरी जातो, अंगठा आपल्यासमोर घेतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी सांगितलं, “दादा, तुम्ही अर्ज द्या, आमचे साहेब आजच दुपारनंतर घरी येतील.” त्यांना ते नको होतं. आवाज चढला. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. मग शिवी. मग मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाले, “बघा, ही बाई म्हाताऱ्या माणसाचे पैसे देत नाही!”

अशा वेळी मोबाइल बंद करा म्हणून मागे लागू नका. त्याला तेच हवं असतं, तुमचा चढलेला आवाज. मी तीनच वाक्यं बोलत राहिले. “पैसे तुमच्या आईंचेच आहेत. त्यांच्या अंगठ्याशिवाय मला देता येणार नाहीत. आमचे अधिकारी आज तुमच्या घरी येतील.” त्यांनी काहीही म्हटलं तरी हीच तीन, त्याच आवाजात. हात काउंटरखाली थरथरत होते, ते त्या व्हिडिओत आले नाहीत. साहेब केबिनमधून आले, त्यांनीही तेच सांगितलं. गृहस्थ शिव्या देत निघून गेले.

हेड कॅशियर काका म्हणाले, “आत्ताच्या आत्ता लिहून ठेव.” मी त्याच दुपारी वहीत वेळ, काउंटर क्रमांक, ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, मी काय म्हणाले आणि शेजारी कोण होतं, एवढं लिहिलं. ही वही नंतर फार उपयोगी पडली. प्रत्येकानं अशी वही ठेवावी, फक्त ग्राहकाचा खाते क्रमांक आणि शिल्लक तीत कधीच लिहू नये.

शुक्रवारी, १३ तारखेला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. विभागीय कार्यालयाकडून तक्रार आली होती: कर्मचाऱ्याची उर्मट वागणूक, ज्येष्ठ नागरिकाची अडवणूक. मला तीन कामाच्या दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. पाय गार पडले. प्रोबेशनमध्ये तक्रार म्हणजे नोकरी गेली, असंच मला वाटलं. साहेब म्हणाले तसं नसतं. तक्रारी येतात, उत्तर द्यावं लागतं. बँकेला ग्राहकाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यात उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर तो रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो. २०२१पासून त्यासाठी एकच एकत्रित योजना आहे. ग्राहकाचा हा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. मीही उद्या कुठल्या तरी काउंटरच्या पलीकडे उभी असणार आहे.

खुलासा कसा लिहायचा हे साहेबांनी शिकवलं. ‘उद्धट’, ‘दारू प्यायल्यासारखे’, ‘मुद्दाम’ असले शब्द पूर्ण टाळायचे. तारीख, वेळ, ग्राहकानं काय मागितलं, नियम काय, आपण कोणता पर्याय दिला, ग्राहकाचे शब्द अवतरणात, आपले शब्द अवतरणात, उपस्थित कर्मचारी, आणि शेवटी सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवण्याची विनंती. फुटेज कायम राहत नाही, काही काळानं त्यावर नवं चढतं, म्हणून ही ओळ पहिल्याच पत्रात हवी. सगळं मिळून अर्धं पान. पोच घेतलेली प्रत मी खोलीवर नेऊन ठेवली.

मग वाट बघणं. ते दिवस मला फार जड गेले. प्रत्येक ग्राहकाशी बोलताना वाटायचं, हाही लिहील का काही? मी जरुरीपेक्षा जास्त गोड बोलू लागले, नको तिथं माफी मागू लागले. काकांनी ते ओळखलं आणि मला काही दिवस कॅशऐवजी आवक-जावक आणि चेकबुकच्या टेबलावर बसवायला साहेबांना सांगितलं. आपल्याला असा बदल हवा असेल तर मागावा. त्यात कमीपणा नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. फुटेज पाहून तक्रार बंद केली होती. ग्राहकाला नियम आणि घरी येण्याची सोय पुन्हा लेखी कळवली होती. माझ्या नोंदीत काही गेलं नाही. कोणी माझी माफी मागितली नाही आणि तशी पद्धतही नाही, तेव्हा वाट बघू नका. त्या खात्याचं पुढं काय झालं ते गोपनीय असल्यामुळे मला लिहिता येणार नाही. ते गृहस्थ अजूनही शाखेत येतात. मी त्यांनाही ‘या दादा’ म्हणते आणि काम करून देते.

याच काळात वेगळ्याच प्रकारचा त्रास सुरू झाला होता. एक तरुण रोज काही ना काही निमित्त काढून माझ्याच काउंटरवर यायचा, वैयक्तिक नंबर मागायचा, कुठं राहते ते विचारायचा. बोलणं अगदी मऊ. मुलींना मला मुद्दाम सांगायचंय की इथं नम्रपणाची परीक्षा द्यायची नसते. पहिल्याच दिवशी मॅनेजरना सांगा, लेखी द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा फक्त सहकाऱ्यांपुरता नाही. बाहेरून कामाच्या जागी येणाऱ्या माणसांपासून सुरक्षितता देणं ही त्यात मालकाची जबाबदारी आहे. साहेबांनी त्या मुलाला केबिनमध्ये बसवून समज दिली आणि त्याचं काम दुसऱ्या काउंटरवर लावलं. कुणी अंगावर हात टाकला किंवा कामात बळजबरीनं अडथळा आणला तर पोलिसांत जाता येतं. सरकारी बँकेचा कर्मचारी लोकसेवक धरला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेतलं कलम ३५३ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते १३२ आहे. मात्र नुसत्या चढ्या आवाजासाठी ते कलम नाही आणि त्याचा धाक घालू नये.

नोव्हेंबर आला तो हयातीच्या दाखल्यांचा. ऐंशी वर्षांवरच्यांना केंद्राच्या पेन्शनसाठी ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घरात कोणी असेल तर सांगा, नोव्हेंबरची गर्दी टळते. राज्य सरकारच्या निवृत्तांची यादी कोषागाराकडून येते आणि त्यावर सही करायची असते. निवृत्त माणसांचा राग निराळा असतो. आयुष्यभर दुसऱ्यांना सही दिलेली असते, आणि आता चोवीस वर्षांची मुलगी त्यांना विचारते की तुम्ही जिवंत आहात का. एक माजी मुख्याध्यापक म्हणाले, “मी समोर उभा आहे, दिसत नाही का तुला?” मशीनवर त्यांचे ठसे उमटत नव्हते. वयानं बोटांच्या रेषा झिजतात. त्यांना ते आपल्यावरच्या अविश्वासासारखं वाटत होतं. मी त्यांना खुर्ची दिली, ठसा का येत नाही ते सांगितलं, आणि मोबाइलवर चेहरा दाखवून होणारा दाखला काढून दिला. दोन मिनिटांत झालं. ते काही न बोलता निघून गेले. आभार मानतील अशी अपेक्षा ठेवली असती तर त्या दिवशी मी खट्टू झाले असते.

त्याच महिन्यात २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. काही सहकारी निवडणुकीच्या ड्युटीवर, कर्मचारी निम्मे, काम तेवढंच. तेव्हा आम्ही ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लावणं बंद केलं. त्याऐवजी दर अर्ध्या तासानं पाटीवर वेळ टाकून लिहायचो: ११:३०, अजून सुरू नाही, ज्यांचं काम फक्त पासबुक एंट्रीचं आहे त्यांनी दुपारी तीननंतर यावं. खडू आणि फळी, खर्च शून्य.

जेवणाच्या सुट्टीबद्दलही एक सांगते. ‘लंच टाइम आहे’ या वाक्याइतका राग दुसऱ्या कुठल्याच वाक्याचा लोकांना येत नसेल. आम्ही आळीपाळीनं जेवतो, तरी एक काउंटर रिकामा दिसतोच. मी उठायच्या आधी रांगेतल्या शेवटच्या माणसाला सांगते की तुमच्यानंतर वीस मिनिटं हा काउंटर बंद, शेजारचा चालू आहे. आणि जेवायला जातेच. उपाशी माणसाकडून सौजन्य फार वेळ निभत नाही, हे ऑगस्टमध्ये मी स्वतःवर पाहिलंय.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा महिने पूर्ण झाले. शाखेतून अहवाल गेला, त्यात वक्तशीरपणा, कामाचं ज्ञान, ग्राहकांशी वागणूक असे रकाने असतात. पत्र यायला जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला. तोवर कुणाला विचारूनही तारीख कळत नाही, तेव्हा उगाच विभागीय कार्यालयात फोन करू नका. पत्र आलं की तीन गोष्टी लगेच करा. पत्राची प्रत स्वतःच्या फाइलला लावा, सेवानोंदीत कायम झाल्याची तारीख बरोबर पडली का बघा, आणि खुलाशाची जुनी प्रत असेल तर ती फाडू नका. माझी अजून आहे, त्याच फाइलमध्ये, पत्राच्या खाली.